परीघ लहान झाल्यावर दिवस कसा मांडावा

मी वाईच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्तीनंतरही बरीच वर्षं पाय चांगले होते. पांडवगड चढून यायचे, पहाटे मेणवलीपर्यंत चालत जाऊन उन्हं तापायच्या आत घरी परत. आता वय एकोणऐंशी. गुडघे कुरकुरतात, एका कानात यंत्र आहे, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत. यजमान जाऊन बराच काळ लोटला, मुलगा-सून पुण्याला असतात. गणपती आळीतलं घर, अंगण, घाट, मंडईचं अलीकडचं टोक आणि ग्रंथालय, एवढ्यात माझा दिवस होतो. या दिवसात मी समाधानी आहे. ते समाधान वयाबरोबर आपोआप आलं नाही, एकेक गोष्ट ठरवून ते आणावं लागलं. कसं आणलं, ते सांगते.

ज्यांना दोन वेळचं जेवण आणि औषधं यांचीच भ्रांत आहे, त्यांना समाधानाच्या गोष्टी सांगू नयेत, आधी मदत करावी. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी. खाऊनपिऊन ठीक आहेत, पण जाणं-येणं कमी झालं, घरातला कारभार हातातून गेला, फोन वाजेनासा झाला आणि त्यामुळे आतून खचलेत, अशांसाठी.

आधी नकाशा काढा

महाराष्ट्राच्या भिंतीवरच्या नकाशात वाई म्हणजे एक ठिपका. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५०,००० ला १ या प्रमाणाचा नकाशा उघडला की तिथे १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्यात त्याच वाईच्या आसपासच्या विहिरी, देवळं, ओढे, पायवाटा दिसतात, डोंगराची चढण समोच्च रेषांनी मोजता येते. कागदात मावणारा मुलूख कमी होतो आणि त्यातला तपशील वाढतो. वर्गात मुलांना हे पटवायला मला वेळ लागायचा. म्हातारपणी आपल्या हाती असाच नकाशा येतो. आपण मात्र तो जुन्या सवयीने बघतो, लांबलांबची गावं शोधत राहतो, आणि ती सापडत नाहीत म्हणून कागद कोरा आहे असं समजतो.

तेव्हा खरोखरच एक कागद घ्या. मधोमध आपलं घर काढा. जिथे स्वतःच्या पायांनी जाऊन न दमता परत येता, तिथपर्यंत एक रेघ ओढा. रिक्षाने किंवा कुणाच्या सोबतीने जाता येईल तिथपर्यंत दुसरी. पहिल्या रेघेच्या आत काय काय आहे ते सगळं लिहून काढा. बसायला कट्टा कुठे आहे, सावली किती वाजता कुठे पडते, कुठल्या दुकानात खुर्ची मिळते, स्वच्छतागृह कुठे आहे, कुणाच्या दारात दोन मिनिटं थांबता येतं. आपल्या वयात स्वच्छतागृहाची नोंद फार मोलाची. माणसं बाहेर पडायची बंद होतात त्याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं आणि ते कुणी बोलत नाही.

माझ्या नकाशात मेणवली आता दुसऱ्या रेघेत गेली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा तो घाट आणि वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा बघायची झाली तर मी रिक्षा करते. पांडवगड दोन्ही रेघांच्या बाहेर आहे. तो मला गच्चीवरून दिसतो. रेघ दर वर्षी पुन्हा काढा, दिवाळीनंतर काढली तर बरं. हवा चांगली असते आणि आपण उगीच निराश नसतो.

सोडायचं ते आपण ठरवून सोडावं

माझं ठाम मत आहे की वाईट वाटतं ते गोष्ट सुटल्याचं कमी आणि ती हातातून काढून घेतल्याचं जास्त. सुनेने एक दिवस येऊन "आई, आता पुरे" म्हणण्याआधी आपणच म्हणावं, आणि ते काम कुणाच्या हाती द्यायचं तेही आपणच ठरवावं.

बायकांसाठी हे सगळ्यात अवघड असतं ते कुळाचारात. गौरी-गणपती, नवरात्र, चैत्रगौर, बोडण, श्राद्ध-पक्ष. पाठ मोडेपर्यंत बायका हे ओढत नेतात, कारण सोडलं तर घरावर काही येईल ही भीती असते. मी असं केलं. ज्येष्ठा गौरी धाकट्या जावेकडे दिल्या. मुखवटे, साड्या, सगळं तिच्या हाती सोपवलं, आणि पुरणाचं प्रमाण, सोळा भाज्यांची आमच्या घरची यादी, कुठल्या दिवशी काय नैवेद्य, हे वहीत लिहून दिलं. आता मी तिथे पाहुणी म्हणून जाते आणि कटाची आमटी तेवढी करते, कारण ती माझ्या हातची सगळ्यांना हवी असते. सवाष्ण जेवू घालण्याऐवजी शिधा देते. चैत्रगौर मात्र मी घरीच ठेवली आहे. पूर्वी सगळी आळी यायची, आता मोजक्या चारजणी येतात. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, एवढंच. मी विधवा असून हळदीकुंकू करते हे ज्यांना खटकतं त्या येत नाहीत, त्याचं मला काही वाटत नाही. ज्या येतात त्यांच्याशी बोलायला आता वेळ मिळतो. पूर्वी ओटी भरता भरता कुणाचा चेहराही धड दिसायचा नाही.

भांड्यांचंही तसंच. मोठी पातेली, परात, पाच लिटरचा कुकर, पुरणयंत्र, हे देऊन टाका. देताना ज्याला त्याचा उपयोग आहे त्यालाच द्या, आणि आपण जिवंत असताना द्या, म्हणजे ते वापरलं जाताना बघता येतं. माझ्या परातीत शेजारी दर शनिवारी भाकरीचं पीठ मळलं जातं, तो थापण्याचा आवाज मला घरात ऐकू येतो.

एक मात्र करा. काहीही सोडताना एक छोटा तुकडा आपल्याकडे राखून ठेवा. पूर्ण फराळ सोडला तर चकलीची भाजणी आपली ठेवा. बागकाम सोडलं तर तुळस आणि एक गवती चहा ठेवा.

एकट्याचा स्वयंपाक

हा विषय लोक हसण्यावारी नेतात, मला तो गंभीर वाटतो. एकटं माणूस रात्री चहा-बिस्किटावर निजतं, "एवढ्याशासाठी काय चूल पेटवायची" म्हणतं, आणि सहा महिन्यांत दंडाची कातडी लोंबायला लागते. वय वाढलं की स्नायू झिजतात आणि ते भरून काढायला प्रथिनं लागतात. वरण, उसळ, दही, ताक, खात असाल तर अंडं, यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच.

दोन लिटरचा छोटा कुकर आणि एक लहान लोखंडी कढई घ्या. मुगाची डाळ तांदळाच्या बरोबरीने घालून खिचडी करा, नेहमीपेक्षा डाळ जास्त. मूग किंवा मटकी एक दिवसाआड भिजत टाका, मोड फडक्यात आणा, एका वाटीत दोन वेळची उसळ होते. पिठलं तर दोन डाव बेसनात होतं. मेतकूट, जवसाची चटणी, दाण्याची चटणी घरात असेल तर मऊ भात आणि तूपही जेवण वाटतं. भाकरी मी करत नाही, मनगट दुखतं. बचत गटातली बाई आळीत भाकरी विकते, तिच्याकडून रोज एक घेते. तिला रोजचं गिऱ्हाईक मिळालं आणि मला रोज दारात कुणीतरी येतं.

जेवायला ताट घ्या. उभ्याने, कुकरच्या भांड्यातून, टीव्हीसमोर जेवू नका. पाटावर बसणं जमत नसेल तर टेबलावर, पण ताट, वाटी, पाण्याचं भांडं, लोणच्याची फोड, सगळं मांडून. स्वतःसाठी वाढून घेणं हा स्वतःचा मान आहे. तो आपण राखला नाही तर दुसरं कोण राखणार?

म्हातारपणी तहान कमी लागते, तरी पाण्याची गरज असतेच. सकाळी एक तांब्या भरून डोळ्यांसमोर ठेवा आणि संध्याकाळपर्यंत तो रिकामा करा (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर त्यांचं ऐका). आणि शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी झालं की पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि आपण सगळ्याला "वय झालं" म्हणून बसतो.

अंगाचं थोडक्यात

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या लोकांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करायला सांगते. घरात तो असा होतो. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची आणि बसायचं-उठायचं, जमेल तेव्हा हात न टेकता. मग ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. सकाळ-संध्याकाळ, झेपेल तेवढंच. ज्या दिवशी आपलं आपल्याला खुर्चीतून उठता येणार नाही त्या दिवशी परीघ खरोखर पलंगाएवढा होईल, म्हणून हा व्यायाम मी देवपूजेसारखा चुकवत नाही.

पहाटे जाग आली की ताडकन उठू नका. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, खाली न घसरणारी चटई, रात्री मंद दिवा. कानाला यंत्र लागत असेल तर ते लावा. ऐकू न येणारं माणूस हळूहळू गप्पांतून उठून जातं आणि घरचे म्हणतात, हल्ली फार अबोल झालेत.

आणि आता बघायला शिका

माझ्या दिवसाचा खरा आनंद इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

खिडकीत बसणं आणि खिडकीतून बघणं यात फरक आहे तो वहीचा. एक वही आणि शिसपेन्सिल खिडकीपाशी ठेवा, बारीक दोरीने बांधूनच ठेवा, म्हणजे शोधावी लागणार नाही. रोज एक ओळ. आज काय पाहिलं, कुठे, किती वाजता. मनातलं काही लिहायचं नाही, फक्त दिसलं ते.

सूर्यापासून सुरुवात करा, त्याला कुठे जावं लागत नाही. माझी खोली दक्षिणेकडे उघडते. डिसेंबरात दुपारचं ऊन खिडकीतून आत येऊन पार देव्हाऱ्याकडच्या फरशीपर्यंत जातं. फरशीच्या सांध्यावर मी खडूने खूण करते. संक्रांतीनंतर ती कड हळूहळू मागे सरकते, होळीपर्यंत अर्ध्यावर येते, आणि उन्हाळ्यात ऊन उंबऱ्याबाहेरच थांबतं. वाई साधारण अठराव्या अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. अंगणात उभी काठी धरली की तिची सावलीच पडत नाही. हे साडेबाराच्या सुमारास काही क्षणच टिकतं. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. आपल्याकडे हे वर्षातून दोनदा होतं, पण दुसरा दिवस जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर, ढगांत हरवतो. चाळीस वर्षं मी हे फळ्यावर शिकवलं. रोज त्या फरशीकडे बघायला सवड मिळाली ती आत्ता.

पक्ष्यांसाठीही दुर्बीण लागत नाही. मार्च आला की दयाळ पहाटे उजाडण्याआधी तारेवर बसून गायला लागतो, आवाजावरून कळतो. थंडीत घाटाच्या पायऱ्यांवर धोबी शेपटी हलवत फिरतात. त्यातले बरेच पाहुणे, उन्हाळ्याच्या तोंडाशी नाहीसे होतात. ते पहिल्यांदा कधी दिसले आणि शेवटचे कधी, एवढ्या दोन तारखा दर वर्षी लिहा. खंड्या, वंचक, साळुंकी यांच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात, शेजाऱ्यांसारख्या त्या पाठ होतात.

नदी जवळ असेल तर पायऱ्या मोजा. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून तशी बांधली. तिच्या कितव्या थराला पाणी लागलं, धोम धरणातून पाणी सोडल्यावर किती पायऱ्या बुडाल्या, हे मी लिहून ठेवते. तुमच्याकडे नदी नसेल तर आंब्याचं झाड असेल, समोरच्या इमारतीचं बांधकाम असेल, रस्त्यावरचा भाजीचा गाडा असेल. मुंबईच्या चौथ्या मजल्यावरून माझी मैत्रीण फक्त एका शेवग्याच्या झाडावर लिहिते आणि तिची वही माझ्यापेक्षा जाड आहे.

पावसाळ्यात पाऊस मोजा, हे मी आग्रहाने सांगते. सरळ बाजूंची, सपाट बुडाची काचेची बरणी घ्या. गळ्याशी निमुळती होणारी नको. उघड्यावर, छपराची आणि झाडाची गळती लागणार नाही अशा जागी, विटांच्या आधाराने ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने आतल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा, बरणी रिकामी करा. हवामान खातं २४ तासांचा पाऊस मोजतं तेही सकाळी साडेआठलाच, त्यामुळे आपला आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याचा पाव हिस्साही नाही. ढग डोंगरावर रिते होतात आणि आपण पर्जन्यछायेत बसतो. पुस्तकातलं हे वाक्य स्वतःच्या बरणीत मोजण्यात काय सुख आहे ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

कुणीतरी वाट बघायला हवं

ती बरणी पुण्यात माझ्या नातीनेही ठेवली आहे. पावसाळ्यात साडेआठनंतर तिचा फोन येतो, "आजी, तुझा किती?" मुलांच्या फोनबद्दल आपण फार कुढतो. "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" एवढ्यावर बोलणं संपतं, कारण दोघांकडे सांगण्यासारखं काही नसतं. त्यांना विचारायला काहीतरी द्या. असं काही, ज्याचं उत्तर रोज बदलतं.

शेजारची आठवीतली मुलगी बुधवारी संध्याकाळी नकाशावाचन शिकायला येते. मी पैसे घेत नाही, पण वेळ कडक पाळायला लावते, तिलाही आणि मलाही. तुम्हाला शिकवता येत नसेल तर बटणं लावून द्या, कुणाच्या पार्सलांवर लक्ष ठेवा, शेजारच्या कामावर जाणाऱ्या बाईची किल्ली सांभाळा. घेणं तर वाढतच जाणार आहे या वयात. म्हणून देण्याचं एक तरी काम हवं, आणि ते ठरल्या दिवशी हवं.

जुन्या मैत्रिणींचा फोनही ठरल्या वारी करा. मनात आलं की करू म्हटलं तर राहून जातो, आणि मग एक दिवस दुसऱ्याच कुणाचा फोन येतो. माझ्या डायरीतली बरीच नावं आता नाहीत. ती मी खोडत नाही. त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या मुलांना फोन करते आणि त्यांच्या आईची एखादी आठवण सांगते. मुलांना ती ठाऊक नसते, ती थांबून ऐकतात.

संध्याकाळ

दिवस कितीही नीट मांडला तरी कातरवेळ कठीण जाते. तेव्हा एकट्याने आत बसू नका. अंधार पडायच्या आधी घरातले दिवे लावा, आपल्या डोळ्यांना तरुणांपेक्षा बराच जास्त उजेड लागतो आणि अंधुक खोलीत मनही खाली जातं. देवापाशी दिवा लावून अर्धा तास बाहेर ओट्यावर बसा. बोलायला कुणी नसलं तरी जाणारे-येणारे दिसतात, आणि रोज तुम्ही दिसला नाहीत तर कुणीतरी विचारतं.

मात्र दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक दोन्ही गेली असतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे म्हातारपण नाही, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. डॉक्टरांकडे जा. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी लावा.

अधूनमधून रेघेबाहेर

परीघ लहान असला तरी त्याला दार हवं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. मी हिवाळ्यात एखाद्या साध्या वारी पसरणी घाटाने पाचगणीला जाते. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या टाळायच्या. सकाळची गाडी, चढायला कंडक्टरचा हात मागायला लाजायचं नाही, वळणांनी मळमळत असेल तर पुढची खिडकी आणि तोंडात आवळासुपारी. घाट चढताना खाली सगळी वाई, कृष्णेचं वळण आणि धोमचं पाणी दिसतं. वर गेल्यावर टेबललँड चढायचा हट्ट नको. स्टँडजवळ बसावं, चहा प्यावा, हंगाम असला तर थोड्या स्ट्रॉबेऱ्या घ्याव्यात, तळाच्या चेपलेल्या नाहीत ना ते बघून. आधार कार्ड, दुपारची गोळी, पाण्याची बाटली आणि मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये हवी. परतीची गाडी तीनच्या आसपासची धरा, शाळा सुटल्यावर बसायला जागा मिळत नाही.